कंट्रोलची रांग

माझ्या हाताखाली किती उंदीर मेले, याचा हिशेब मी कधी ठेवला नव्हता. कॉलेजच्या रजिस्टरमध्ये तो आहे, तारखेनिशी आणि वजनानिशी. कायद्यानं ठेवावाच लागतो. पण रजिस्टरमध्ये असणं वेगळं आणि माझ्या मनात असणं वेगळं. वीसेक वर्षं मी कोल्हापुरात फार्मसीच्या मुलांना फार्माकॉलॉजी शिकवते. औषध शरीरात काय करतं आणि प्रमाण सुटलं की तेच विष कसं होतं, हा माझा रोजचा धडा. त्यासाठी पांढरे उंदीर लागतात, लाल डोळ्यांचे, विस्टार जातीचे. त्यांच्याबद्दल माझं एक मत होतं. ते मी फार अभिमानानं बाळगलं होतं आणि ते चूक होतं, म्हणून आज लिहायला बसले आहे.

मत असं होतं: उंदराला काय वाटतं याचा विचार करणं हा हळवेपणा आहे, आणि हळवेपणाला प्रयोगशाळेत जागा नाही. मी शिकत होते तेव्हा पहिल्यांदा सुई धरताना हात कापला, तर एक शिक्षक म्हणाले, "हात कापत असेल तर विषय बदल." मी विषय बदलला नाही, हात घट्ट केला. पुढं मीही मुलींना तेच ऐकवू लागले. कुणी भीत भीत विचारलं, "मॅडम, त्यांना दुखत असेल ना?" तर मी म्हणायची, "एकदा कॅन्सरच्या वॉर्डात जाऊन ये." मुलगी गप्प बसायची. मला वाटायचं, तिला पटलं. आता कळतं, मी एका दुखण्याचं तोंड दुसऱ्या दुखण्यानं बंद करत होते.

वॉर्डाचं उदाहरण मात्र खोटं नव्हतं. माझ्या वहिनींना स्तनाचा कर्करोग झाला होता आणि त्यांना डॉक्सोरुबिसिन चालू होतं. सलाईनमधून जाणारं ते लाल औषध ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. गाठीवर ते गुणकारी, पण हृदयाच्या स्नायूला पोखरणारं. एकूण डोस साठत जातो तसा धोका वाढतो. म्हणून मधूनमधून इको काढायचा. पण इकोमध्ये पंपाची ताकद उतरलेली दिसते तेव्हा नुकसान झालेलं असतं. त्याआधीच रक्तात काही खूण सापडली तर? हृदयाला ताण पडायला लागला आहे, अजून वेळ आहे, असं सांगणारी खूण? माझा या विषयातला रस वहिनींच्या त्या खुर्चीशेजारी बसून पक्का झाला. रस खरा होता. मोजायची रीत चुकीची होती.

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. हृदयाच्या पेशी आकसतात आणि सैलावतात त्या काही प्रथिनांच्या जोरावर. त्यातलं एक ट्रोपोनिन. पेशी धड असते तोवर ते आत बांधलेलं असतं. पेशी फाटली की रक्तात उतरतं. छातीत कळ आली म्हणून दवाखान्यात नेलेल्या माणसाचं ट्रोपोनिन बघतात ते याचसाठी. आणि एकदा बघून थांबत नाहीत, काही तासांनी पुन्हा रक्त घेतात, कारण आकडा चढतोय की उतरतोय हे कळल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही. माणसाच्या बाबतीत हे मला पाठ होतं. उंदराच्या बाबतीत मी कधी विचारलंच नाही.

आमच्याकडे, म्हणजे आमच्यासारख्या कितीतरी फार्मसी कॉलेजांत, एक ठरलेला प्रयोग आहे. उंदराला आयसोप्रिनलिन टोचायचं, किलोला ८५ मिलिग्रॅम, कातडीखाली, दोन दिवस. हृदय बेफाम धावतं, त्याला प्राणवायू पुरत नाही, पेशींत कॅल्शियम घुसतं आणि डाव्या कप्प्याच्या टोकाशी स्नायू मरायला लागतो. रोना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ साली हे दाखवलं. मग एखाद्या वनस्पतीचा अर्क आधी काही दिवस पाजून ठेवायचा आणि हृदय किती वाचलं ते बघायचं. शेवटच्या डोसनंतर चोवीस तासांनी रक्त घ्यायचं, त्यात सीके-एमबी, एलडीएच, एसजीओटी ही पेशी फाटल्यावर रक्तात उतरणारी एन्झाइम्स मोजायची, तक्ता करायचा, आकड्यांच्या डोक्यावर चांदण्या काढायच्या. अशा किती थीसिसवर माझी सही आहे.

त्या आकड्यांत काहीतरी खटकायचं, हे मला माहीत होतं. एलडीएच आणि एसजीओटी तर रक्तपेशी फुटल्या तरी वाढतात. सीरम जरा गुलाबी दिसलं की आकडा गेला. सीके-एमबीचं किट माणसांसाठी बनवलेलं. उंदराच्या सीरममध्ये मेंदूकडच्या जातीचं सीकेही बऱ्यापैकी असतं, किट तेही हृदयाच्या नावावर मांडतं. एकदा तर सीके-एमबीचा आकडा एकूण सीकेपेक्षाही मोठा आला. भाकरीचा तुकडा भाकरीपेक्षा मोठा! मी तो कागद हातात धरून बराच वेळ उभी होते. मग मी काय केलं? एकूण सीकेचा रकाना तक्त्यातून काढून टाकला. कुणाच्या सांगण्यावरून नाही. माझ्या हातानं.

आता मामांविषयी. कॉलेजातल्या शिपायांना, सेवकांना आपल्याकडे सगळे मामाच म्हणतात. आमच्या ॲनिमल हाऊसचे मामा पंचगंगेकाठच्या एका गावचे, शाळा सातवीपर्यंत, घरी म्हशी. पहाटे धारा काढून सायकलवरून यायचे. पिंजऱ्यांचा भुसा बदलायचा, पाण्याच्या बाटल्या धुवायच्या, खाण्याच्या गोळ्या घालायच्या, तापमान वहीत लिहायचं, हे त्यांचं काम. उंदरांशी ते बोलायचे. पिंजरा उघडण्याआधी झाकणावर दोन बोटं हळूच वाजवायचे. हात आत घालून उंदीर वास घेईपर्यंत थांबायचे. मला त्याची चीड यायची, कारण त्यात वेळ जायचा. गणेश चतुर्थीला त्यांनी पिंजऱ्यांपुढं मोदकाचा तुकडा ठेवला तेव्हा मी त्यांना सगळ्यांदेखत बोलले होते. आहार बिघडतो हे माझं म्हणणं बरोबर होतं. पण ते मी ज्या सुरात बोलले, तो सूर आहाराबद्दलचा नव्हता. हा अडाणी माणूस आणि ही माझी शास्त्रशुद्ध खोली, असा तो सूर होता. लिहिताना लाज वाटते, पण तसाच होता.

२०१४ सालचा पावसाळा. माझी एम.फार्म.ची विद्यार्थिनी गडहिंग्लजकडची, कष्टाळू, घाबरट. छत्तीस उंदीर, सहा गट, प्रत्येकात सहा. यावेळी मी हट्टानं ट्रोपोनिनचं एलायझा किट मागवलं होतं. किट महाग होतं आणि परवानगीसाठी कितीतरी कागद फिरवले होते. नेहमीच्या आकड्यांवर आता भरवसा नाही, खरी खूण मोजू, असं मी विभागात सांगितलं होतं. रक्तही भरपूर लागणार, म्हणून डोळ्यामागून न घेता सरळ हृदयातून घ्यायचं ठरवलं. ईथर हुंगवायचं, छातीवर बोट ठेवून ठोका शोधायचा, तिथं सुई घालायची. अडीचशे ग्रॅमच्या उंदरात सगळं मिळून पंधरा-सोळा मिलिलिटर रक्त असतं, चहाचे तीन चमचे. हृदय एका ग्रॅमचं, मिनिटाला तीनशे-चारशे ठोके घेणारं. त्यात सुई पहिल्या झटक्यात बसायला हात तयार लागतो. मुलीचा हात तयार नव्हता. माझा होता, पण त्या दिवशी मी एका मीटिंगमध्ये होते आणि तिला म्हणाले होते, "कर, जमेल."

दुपारी एकदा खाली आले तेव्हा मामा दाराशी उभे होते. म्हणाले, "मॅडम, ही खालची पिंजरी पलीकडच्या खोलीत हलवू काय? सकाळधरनं बघत्यात ती. वास घेत्यात." खालचे पिंजरे म्हणजे कंट्रोलचे सहा उंदीर. त्यांना औषध नाही, अर्क नाही, नुसतं मिठाचं पाणी. ते धडधाकट, म्हणून त्यांचा नंबर शेवटी. मी म्हणाले, "राहू देत मामा, त्यांना काय झालंय?" आणि वर निघून गेले.

तीन दिवसांनी प्लेट लावली. एलायझाची प्लेट म्हणजे हाताच्या पंजाएवढी प्लॅस्टिकची पट्टी, शहाण्णव बारीक खळगे. छत्तीस नमुने, प्रत्येक दोनदा, वर मोजमापाचे प्रमाणनमुने. धुवायचं, थांबायचं, पुन्हा धुवायचं. शेवटी एक द्रव घालतात आणि खळगे निळे व्हायला लागतात. ट्रोपोनिन जास्त तिथं गडद. मग आम्ल घातलं की सगळे निळे एका क्षणात पिवळे होतात. हा क्षण मला फार आवडतो, अजूनही. निळ्याचं पिवळं होताना पाहिलं की वाटतं, आता उत्तर मिळणार.

त्या दिवशी पिवळं झालं आणि मी पहिल्या रांगेकडे पाहिलं. कंट्रोलची रांग. ती जवळजवळ पाण्यासारखी राहायला हवी होती. ज्यांच्या हृदयाला काही झालेलंच नाही, त्यांच्या रक्तात काय सापडणार? ती रांग हळदीच्या पाण्यासारखी पिवळी होती. काही खळगे औषध टोचलेल्या गटाच्या तोडीचे. मी प्लेट उजेडाकडे धरली, खाली पांढरा कागद ठेवून पाहिली, चष्मा पुसून पाहिली. खिडकीबाहेर पाऊस धो धो पडत होता आणि मुलगी माझ्या चेहऱ्याकडे बघत उभी होती.

पुढचे दोन दिवस मी जे वागले ते सांगायलाच हवं. आधी मुलीला झापलं: पिपेट नीट धरता येत नाही, नमुने अदलाबदल केलेस. ती रडली. मग किटवाल्या कंपनीला मेल लिहिला. मग मशीनवर शंका घेतली. सगळ्यांना दोष देऊन झाल्यावर मी तिला बोलावून शांतपणे सांगितलं, "कंट्रोलमधले ते तीन जास्त पिवळे उंदीर काढून टाक. आउटलायर म्हणून दाखव. तिघांवर सरासरी काढू."

हे वाक्य मी बोलले. संशोधनातली खोटेपणाची उदाहरणं मी वर्गात शिकवते, आणि हे वाक्य बोलताना आपण खोटं सांगतोय असं मला वाटलं नाही. कारण माझ्या डोक्यात पक्कं होतं की कंट्रोलच्या उंदराला काही झालेलं असूच शकत नाही. मग जे दिसतंय ते चूक असणार. डोळ्यांपुढं पिवळी रांग असताना मी डोळ्यांवर विश्वास ठेवला नाही, स्वतःच्या मतावर ठेवला.

मामा खोलीत कचऱ्याचा डबा न्यायला आले होते. आमचं बोलणं त्यांनी ऐकलं असावं. जाता जाता दारात थांबले. म्हणाले, "एक इचारू काय मॅडम? रागावू नका." मी मान हलवली. "सुई काळजातच खुपसायची, आन् काळजाला काय झालंय म्हणून तेच रगत तपासायचं. मग ते दुखलं म्हणूनच सांगणार की ओ."

ते एवढंच म्हणाले आणि डबा घेऊन गेले. उत्तराची वाट त्यांनी पाहिली नाही. माझ्याकडून उत्तर मिळतं असा त्यांचा अनुभवच नव्हता.

मी खुर्चीत बसून राहिले. आधी राग आला, मग तो कुठंतरी विरला, आणि अंगातून गार काहीतरी सरकत गेलं. इतकं साधं. हृदयाच्या पेशी फाटल्या का हे बघायचं आणि ते बघण्यासाठी आपणच त्या फाडायच्या. एकदा नाही, ठोका सापडला नाही की पुन्हा, पुन्हा. फार्माकॉलॉजीतली माझी पदवी, माझी पीएच.डी., ते रंगीत तक्ते, यांतल्या कशालाही हे सुचलं नव्हतं. ज्यांनी म्हशी पाळल्या त्यांना सुचलं.

मी मुलीला तिची वही आणायला सांगितली. मला वाटलं होतं, वहीत काही नसेल. पण पोरगी माझ्याहून प्रामाणिक होती. प्रत्येक उंदरापुढं तिनं बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'एक वेळा', 'दोन वेळा', 'चार वेळा, रक्त कमी'. सुई किती वेळा घातली याची नोंद. सकाळच्या उंदरांना बहुतेक एक-दोनदा. संध्याकाळी, हात थकल्यावर, शेवटच्या गटाला तीनदा, चारदा, एकाला पाचदा. शेवटचा गट म्हणजे कंट्रोल. आम्ही दोघी वही आणि प्लेटचा छापील कागद शेजारी शेजारी ठेवून बोट फिरवत गेलो. पाचदा टोचलेल्या उंदराचा खळगा सगळ्यांत गडद. एकदाच टोचलेला एकच उंदीर होता त्या गटात. त्याचा खळगा फिका. सहा उंदरांवरून काही सिद्ध होत नाही, हे मी कुणालाही सांगेन. पण मला जे कळायचं होतं ते कळलं. ज्या तिघांना मी आउटलायर म्हणून पुसायला निघाले होते, तेच तिघं खरं सांगत होते.

मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, मी तुम्हाला त्या दिवशी सांगणार होते." मी विचारलं, "मग सांगितलं का नाहीस?" ती काही बोलली नाही. तिला उत्तर द्यायची गरज नव्हती.

त्यानंतर मी वाचायला बसले. दोन वर्षं आधी वाचायला हवं होतं ते. २०१२ सालीच अमेरिकेच्या औषध नियामकांनी उंदीर आणि कुत्रा यांच्यावरच्या विषारीपणाच्या चाचण्यांसाठी ट्रोपोनिन टी आणि आय या खुणा ग्राह्य धरल्या होत्या. त्या निमित्तानं जे संशोधन जमा झालं होतं त्यात साफ होतं: उंदरात ट्रोपोनिन काही तासांतच शिखर गाठतं आणि दिवस-दोन दिवसांत ओसरतं. आम्ही चोवीस तासांनी रक्त घ्यायचो. लाट येऊन गेल्यावर किनाऱ्यावर जाऊन ओल मोजण्यासारखं ते. हृदयातून रक्त घेण्याचा प्रकार या खुणेसाठी टाळावा, हेही तिथं होतं. मामांनी जे सांगितलं ते छापलेलं होतं. मी वाचलं नव्हतं आणि मामांना वाचायची गरज पडली नव्हती.

आणखीही काही वाचलं, जे थेट खुणांबद्दल नव्हतं. घाबरलेला उंदीर २२ किलोहर्ट्झच्या आसपास आवाज काढतो. माणसाचा कान फार तर २० पर्यंत ऐकतो. म्हणजे ज्या खोलीत मी कित्येक वर्षं 'शांतता राखा' म्हणून सांगत होते, ती खोली शांत नव्हतीच. शिवाय एक गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर असायची: काही उंदरांच्या डोळ्यांच्या कडेला आणि नाकपुड्यांशी लालसर डाग. मला ते रक्त वाटायचं. ते रक्त नसतं. डोळ्यामागच्या एका ग्रंथीतून येणारं रंगीत द्रव्य असतं आणि उंदीर त्रासात असला की ते वाढतं. मामा ते डाग ओल्या कापसानं पुसायचे आणि मला सांगायचे, "ह्यो आज बरा न्हाई." मी वजन बघायची. वजन ठीक असलं की म्हणायची, "बरा आहे."

मग वर्गात शिकवलेलंच मला नव्यानं दिसायला लागलं. रायगडात महाडला डॉ. हिम्मतराव बावसकरांनी लाल विंचवाच्या दंशाचे रुग्ण उशाशी बसून पाहिले. विंचवाच्या विषानं शरीरातलीच ॲड्रिनलिनच्या जातीची द्रव्यं उसळतात आणि हृदय त्यांच्या माऱ्यानं थकून जातं, हे त्यांनी ओळखलं. १९८२ साली 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं, पुढं प्राझोसिन वापरून माणसं वाचवली. हे मी दरवर्षी अभिमानानं सांगते. आमचं आयसोप्रिनलिनही हृदयाला त्याच वाटेनं मारतं. आणि भीती? भीतीनंही तीच द्रव्यं रक्तात उतरतात. मामा म्हणायचे, अनोळखी माणूस धारेला बसला की म्हस पान्हा चोरती. गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर धारोष्ण दूध प्यायलेल्या माझ्यासारख्या कोल्हापूरच्या मुलीला हे माहीत नसावं? पान्हा अडण्यात ॲड्रिनलिनचाही हात असतो. म्हणजे ज्या जातीच्या द्रव्याचा हृदयावरचा परिणाम मी मोजत होते, त्याच जातीचं द्रव्य मी माझ्या धसमुसळ्या हातांनी प्रत्येक उंदराच्या अंगात आधीच उसळवत होते, कंट्रोलसकट. आणि त्याला धडधाकट म्हणत होते.

इथं माझं जुनं मत कोसळलं. उंदराची भीती विचारात घेणं हा हळवेपणा असेल तर असो. पण ती विचारात न घेतल्यानं माझे आकडे खोटे निघाले होते. कणव बाजूला ठेवली म्हणजे विज्ञान शुद्ध राहतं, असं मी धरून चालले होते. छत्तीस जीव त्या धरून चालण्यात गेले. त्यांचं रक्त कशाच्याही कामाला आलं नाही.

नवी तुकडी मागायची तर एथिक्स कमिटीपुढं जावं लागतं. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली, १९९८ च्या नियमांनुसार प्रत्येक संस्थेत ही समिती असते आणि तिच्यात विज्ञानाबाहेरचाही एक माणूस घेतात. अर्जात कारण लिहायचं असतं. 'तांत्रिक अडचण' असं लिहून चाललं असतं, सगळे तेच लिहितात. मी दोनदा तेच लिहिलं आणि दोनदा खोडलं. शेवटी लिहिलं की आधीच्या प्रयोगात रक्त घेण्याची पद्धत चुकीची होती, तिनेच मोजायची खूण वाढवली, आणि हा दोष मार्गदर्शिकेचा आहे, विद्यार्थिनीचा नाही. बैठकीत ते वाचून दाखवताना माझा घसा सुकला. सुईच्या वेळी घट्ट केलेला हात त्या दिवशी कागद धरताना कापत होता.

योगायोग असा की रसेल आणि बर्च यांचं पुस्तकही १९५९ चंच, रोनांच्या शोधनिबंधाच्या वर्षीचं. शक्य तिथं प्राणी टाळा, कमी वापरा, वापरलात तर त्रास कमी करा, हे तत्त्व त्यांनी मांडलं. एकाच वर्षी जन्मलेल्या या दोन गोष्टींपैकी पहिली मी इतकी वर्षं हातांनी केली आणि दुसरी तीन मार्कांच्या प्रश्नाला लिहून घेतली.

दुसऱ्या वेळी आधीचे पंधरा दिवस आम्ही काहीच टोचलं नाही. मी, मुलगी आणि मामा रोज सकाळी खाली बसायचो. झाकणावर दोन बोटं वाजवायची. हात आत ठेवायचा, वाट बघायची. पहिल्या दिवशी मला ती पाच मिनिटं संपेनात. उंदीर कोपऱ्यात दबून बसलेले, अंगावरचा केस न् केस ताठ. चौथ्या दिवशी एकानं माझ्या करंगळीला मिशा लावल्या. आठव्या दिवशी तो तळहातावर चढला आणि तिथंच बसून तोंड धुऊ लागला, दोन्ही पंजे कानांवरून पुढं आणत. मामा म्हणाले, "आता वळकतोय तुमास्नी." इतक्या वर्षांत एकही उंदीर मला ओळखत नव्हता, हे त्या वाक्यानं मला कळलं.

रक्त यावेळी शेपटीच्या शिरेतून घेतलं. शेपटी आधी कोमट कापडात धरायची, शीर फुगते, दोन-चार थेंब सहज मिळतात. डोस देण्याआधी एकदा, चार तासांनी एकदा, चोवीस तासांनी एकदा, त्याच उंदराचं. प्रत्येक उंदीर स्वतःचाच कंट्रोल झाला, त्यामुळे उंदीरही कमी लागले. रक्त घेताना बाकीचे पिंजरे पलीकडच्या खोलीत. ईथर बंद. प्लेटवर आम्ल घातलं तेव्हा मी डोळे मिटले होते, हे खरं सांगते. उघडले तेव्हा पहिली रांग पाण्यासारखी होती. चार तासांची रांग पिवळी. चोवीस तासांची त्याहून फिकी. मुलीनं माझा हात धरला. आणि ज्या अर्काच्या गुणाचे गोडवे आम्ही आधी गायले होते, तो तितका गुणी निघाला नाही. थीसिस बारीक झाला. व्हायव्हाला बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, "निष्कर्ष एवढाच?" ती म्हणाली, "हो सर, एवढाच."

माझं मत पूर्ण उलटलं आणि मी उंदीर वापरणं सोडलं, असं झालेलं नाही. मी अजून वापरते, पूर्वीपेक्षा कमी. २०२३ मध्ये आपल्या औषधचाचणीच्या नियमांत प्राण्यांशिवायच्या पद्धतींनाही जागा मिळाली. बशीत वाढवलेल्या हृदयपेशी आता ट्रोपोनिन सोडताना दिसतात. कधीतरी माझी ती खोली रिकामी होईल आणि मला आनंदच होईल. पण आज वहिनींसारख्या कुणाच्या शिरेत नवं औषध सोडायचं तर त्याआधी कुणाच्या तरी हृदयावर ते तपासावं लागतं, आणि ते हृदय उंदराचं असतं. हे मला पटतं. रात्री कधी पटत नाही. दोन्ही खरं आहे.

मामा निवृत्त झाले तेव्हा निरोपसमारंभात मी बोलायला उभी राहिले. हा सगळा प्रसंग सांगायचं ठरवून गेले होते. त्यांच्या सेवाभावाबद्दल, वेळ पाळण्याबद्दल बोलले आणि बसले. प्लेटबद्दल बोलले नाही. समोर प्राचार्य होते, विश्वस्त होते. नंतर त्यांच्या गावी जाऊन गोठ्याशी उभी राहून सांगितलं. ते म्हणाले, "मला ठावं हाय. तुमी दुसऱ्या खेपेला पिंजरी हलवलासा न्हवं?"

एक गोष्ट मात्र अजून निस्तरलेली नाही. २०१४ च्या आधीच्या प्रयोगांवरचा, सीके-एमबीवाला माझा एक निबंध छापलेला आहे. त्यात तो काढून टाकलेला रकाना नाही. संपादकांना मी पत्र लिहिलं, दोनदा. उत्तर आलं नाही. निबंध तिथंच आहे आणि लोक त्याचा संदर्भ देत असतात.

गेल्या महिन्यात विदर्भातल्या एका कॉलेजातून एका मुलीचा फोन आला. माझा निबंध वाचला होता, तसाच प्रयोग करायचा होता, डोस आणि वेळा विचारत होती. मी तिला म्हणाले, "बाळ, त्यातले आकडे घेऊ नकोस. ते चुकीचे आहेत." ती गप्प झाली. मग म्हणाली, "पण मॅडम, ते तर छापून आलंय." मी म्हणाले, "हो. मीच लिहिलंय." पुन्हा शांतता. मग तिनं कामाचं विचारलं, "मग रक्त कुठून घेऊ?"

"शेपटीतून," मी म्हणाले. "पण लगेच नको. आधी सांग, तुमच्या ॲनिमल हाऊसला बघायला कोण असतं?"